पट्टीची रेघ

काही वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला हिवाळ्याचे चार महिने काढले, तेव्हा न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात माझ्या तीन खेपा झाल्या. पहिली खेप घरच्या सगळ्यांबरोबर झाली आणि तीत ममीपासून चिलखतांपर्यंतचा रिवाज पार पडला; उरलेल्या दोन खेपा मी एकटीने, बसच्या वेळा कागदावर लिहून घेऊन, एकाच चित्रासाठी केल्या. चिनी दालनातल्या एका भिंतीवर बारा उभे रेशमी पट शेजारी शेजारी टांगलेले होते आणि त्या बाराही पटांवर मिळून एकच देखावा सलग पसरलेला होता. उंची सुमारे दोन मीटर, म्हणजे माझ्या डोक्याच्या बरीच वर, आणि रुंदी साडेपाच मीटरांहून अधिक. यांगझोउ शहराच्या युआन जियांग या चित्रकाराने १६९१ साली तो रंगवला, आणि त्याचे नाव ‘नऊ पूर्णत्वांचा राजवाडा’.

त्यातले डोंगर कणीक तिंबून पीळ घालावा तसे वळलेले आहेत. मध्ये धुके आहे, खाली पाणी आहे, आणि डोंगराने जिथे म्हणून थोडी जागा सोडली आहे तिथे महाल, मनोरे, पाण्यावरचे मंडप आणि एका महालातून दुसऱ्यात नेणाऱ्या छपरी वाटा बसवलेल्या आहेत. लोक यायचे, सगळे चित्र एका नजरेत मावावे म्हणून चार पावले मागे सरायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. मी मात्र पहारेकऱ्याने हात आडवा करीपर्यंत पुढेच सरकत गेले, कारण मला कठडा पाहायचा होता.

पाण्यात पुढे आलेल्या एका ओट्याला तो कठडा होता. त्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी अगदी बारीक घरांची होती, तरी प्रत्येक रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची होती आणि दोन रेघा जिथे कोपऱ्यात भेटत होत्या तिथे शाईचा ठिपका साचलेला नव्हता. चित्र पाहायला आलेल्या माणसाच्या हे लक्षात यावे असे काही नाही. पण जिने आयुष्याची सव्वीस वर्षे पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्टिंग टेबलावर वाकून काढली, तिचे लक्ष आधी तिथेच जाते. कोपऱ्यात शाई साचतेच. ती साचू न देणे शिकेपर्यंत मी पहिली दोन वर्षे बोलणी खाल्ली होती.

मी नोकरीला लागले तेव्हा कचेरीत रूलिंग पेन अजून वापरात होते. त्याच्या दोन पोलादी पात्यांच्या मध्ये थेंबभर शाई भरायची, बाजूचा स्क्रू पिळून रेघेची जाडी ठरवायची आणि टी-स्क्वेअरच्या, म्हणजे टी आकाराच्या लांब पट्टीच्या, कडेने श्वास धरून हात चालवायचा. संकट एकच असे: पेन पट्टीला जरा जास्त टेकले की शाई पट्टीच्या खाली ओढली जाई आणि दोन दिवसांच्या ट्रेसिंगवर काळा ओघळ पसरे. मग ब्लेडने तो खरवडायचा आणि खरवडलेल्या जागी नखाने घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. यावर सगळ्या ड्राफ्ट्समन मंडळींचा एक उपाय होता. गुण्याच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीचे तुकडे थरावर थर लावायचे, कोणी नाणी चिकटवायचे, म्हणजे गुण्या कागदापासून केसभर वर राहतो आणि शाईला शिरायला वाट मिळत नाही. चिनी चित्रकारांपुढेही नेमके हेच संकट होते, आणि त्यांनी काढलेला उपाय आमच्यापेक्षा देखणा होता. त्यांच्या पट्टीला लांबीभर खोबण असे. कुंचल्याबरोबर बोटांत बांबूची एक काडी धरायची; काडीचे टोक खोबणीतून घसरत जाते आणि कुंचला पट्टीला न शिवता तिच्या समांतर चालतो. मात्र कुंचल्याला स्क्रू नसतो. रेघ जाड होऊ द्यायची की बारीक, हे केसांच्या टोकावर पडणाऱ्या दाबावर ठरते आणि तो दाब हातभर अंतर सारखा ठेवणे हे काम काडी करून देत नाही.

शाईची एक गंमत जाता जाता सांगते. कचेरीत आम्ही जिला ‘इंडियन इंक’ म्हणत होतो ती जातीने चिनीच आहे. पाइनच्या लाकडाची काजळी आणि जनावरांच्या कातड्याचा सरस एकत्र मळून तिच्या वड्या करत, आणि लागेल तेव्हा दगडावर पाणी घालून ती वडी चंदनासारखी उगाळत. इंग्रजांनी तिला आपल्या देशाचे नाव दिले. फ्रेंच लोक तिला आजही चीनची शाईच म्हणतात. सव्वीस वर्षे बाटलीवरचे नाव वाचले, पण हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

पट्टी लावून इमारती काढण्याच्या या प्रकाराला चिनी भाषेत ‘जिएहुआ’ म्हणतात. यातल्या ‘जिए’चा अर्थ सीमा, शीव. ते अक्षर लिहिताना वरच्या अर्ध्या भागात शेताचे चिन्ह येते, चार वाफ्यांत विभागलेला एक चौकोन, त्यामुळे मला तरी या शब्दाला ‘बांध’ हाच शब्द सुचतो. बांध घालून काढलेले चित्र. डोंगराची रेघ वाऱ्यावर सोडता येते, झाडाची फांदी चित्रकाराच्या लहरीने वळते, पण छपराची पन्हळ, खांबाचा काठ, कठड्याची पट्टी यांना बांध सोडून जाता येत नाही. चिनी भाषेत निसर्गचित्राला ‘शानशुई’ म्हणजे ‘डोंगर-पाणी’ म्हणतात, आणि युआन जियांगच्या त्या पटांवर डोंगर-पाणी आणि बांध हे दोन्ही एकाच रेशमावर, एकाच हाताने आलेले आहेत, तरी त्या हाताने दोन्हीकडे चाल वेगळी ठेवली आहे.

या बांधाला मान किती, हा मोठा जुना वाद आहे. चौथ्या शतकातला थोर चित्रकार गु कायझी याने सांगून टाकले होते की माणूस काढणे सर्वांत कठीण, त्याखालोखाल डोंगर-पाणी, मग कुत्री आणि घोडी. महाल-मनोरे या ठरीव वस्तू आहेत, त्या काढून पुऱ्या करायला कष्ट पडतात, पण त्या आवडायला सोप्या, तिथे कल्पनेला काही काम नाही. पुढे सोंग घराण्याचा सम्राट हुईझोंग, जो स्वतः उत्तम चित्रकार होता, त्याच्या दरबारी संग्रहाची सूची ११२० साली तयार झाली. तीत चित्रांचे दहा वर्ग केलेले आहेत. इमारतींचा वर्ग तिसरा आहे आणि डोंगर-पाणी सहावे. एवढे असून त्या तिसऱ्या वर्गात नावे मात्र चारच चित्रकारांची आहेत, म्हणजे मान होता पण माणसे नव्हती. त्यानंतर दोनशे वर्षांत सगळे पालटले. युआन राजवटीतला जाणकार तांग हौ लिहितो की लोकांच्या बोलण्यात चित्रकलेच्या तेरा शाखा असतात, डोंगर-पाणी डोक्याशी आणि जिएहुआ तळाशी. हे सांगून तो थांबत नाही. लोक म्हणून या कामाला सोपे समजतात, पण गोल-चौकोन, उंच-सखल, जवळ-दूर, खोलगट-उठावदार हे सारे सुतार-गवंड्यांनाही पूर्णपणे साधत नाही, तर मग पट्टी आणि कुंचला घेऊन ते रेशमावर नियमात बसवणे किती अवघड, असे त्याने पुढे बजावले आहे. तांग हौला मी कधीच विसरणार नाही. आमच्या कचेरीत ‘ड्राफ्टिंग कोणीही करेल’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांना सरळ कोपरा काढता येत नव्हता.

मान घसरला त्याचे कारण फार खोल नाही. चित्र काढणे हा विद्वानांचा छंद झाला. परीक्षा देऊन अधिकारी झालेला माणूस संध्याकाळी मित्रांत बसून कुंचला उचलतो आणि चार फटकाऱ्यांत बांबू काढतो. त्याला हातात पट्टी धरणे कमीपणाचे वाटते, कारण पट्टी ही मजुरी करणाऱ्याची खूण. स्वभाव, अंतःकरण, विद्या हे सगळे मोकळ्या रेघेत उतरते आणि पट्टीच्या रेघेत काही उतरत नाही, असे ठरून गेले. या मताला कलेच्या इतिहासात मोठी प्रतिष्ठा आहे, आणि मला ते अर्धेच पटते. मोकळ्या रेघेत माणूस दिसतो हे खरे. पण आमच्या कचेरीत पाच जण एकाच टी-स्क्वेअरने काम करीत, आणि कुठलीही ट्रेसिंग उचलून ती कोणाची हे मी नाव न वाचता सांगू शकत असे.

विद्वानांचा हा आक्षेप ज्याच्यापुढे लटका पडतो तो माणूस म्हणजे दहाव्या शतकातला गुओ झोंगशू. तो प्राचीन लिप्यांचा पंडित होता, आणि इमारतींच्या चित्रांत त्याच्या तोडीचा कोणी झाला नाही असे पुढच्या सगळ्यांनी मान्य केले. त्याच्याविषयीची एक गोष्ट कवी सू शी याने लिहून ठेवली आहे. एका श्रीमंताच्या मुलाला चित्रांची आवड होती. त्याने गुओला रोज उत्तम मद्य पाजले, बडदास्त ठेवली, आणि बऱ्याच दिवसांनी मनातली गोष्ट सांगून रेशमाचा एक सबंध तागा पुढे केला. त्याला अर्थातच महाल-मनोरे हवे असणार. गुओने एका टोकाला फिरकी धरलेला एक लहान मुलगा काढला, दुसऱ्या टोकाला पतंग, आणि मधल्या सगळ्या ताग्यावर एक दोरा ओढून रेशीम भरून टाकले. श्रीमंताचा मुलगा भडकला आणि संबंध तुटला. लोक ही गोष्ट विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र तो दोरा ओढताना गुओचा हात कसा चालला असेल हेच दिसत राहते. कित्येक वाव लांबीची एक रेघ, मध्ये न तुटणारी, आणि तीही रेशमावर, जिथे खरवडायला ब्लेड चालत नाही.

रेशमाविषयी थोडे सांगायला हवे. नुसत्या रेशमावर शाई टेकवली तर ती धाग्याधाग्याने पसरते, म्हणून चित्राच्या रेशमाला आधी सरस आणि तुरटीचे पाणी देतात. मग धाग्यांमधली भोके बुजतात आणि शाई जिथे ठेवावी तिथे राहते. चित्र पुरे झाले की मागून खळ लावून कागदाचे अस्तर चढवतात, वर दांडी आणि खाली लोळणारा दंड बसवतात, आणि एरवी ते गुंडाळून पेटीत ठेवतात. टांगत्या पटाच्या माथ्याशी कधीकधी दोन अरुंद पट्ट्या सोडलेल्या असतात. त्यांच्या नावाचा अर्थ ‘पाकोळ्यांना बुजवणाऱ्या’ असा होतो. वाऱ्याने त्या हलल्या की घरात शिरलेली पाकोळी चित्राजवळ येत नाही, असा त्यामागचा हिशेब. कागदाचे आयुष्य हजार वर्षे आणि रेशमाचे आठशे, अशी चिनी लोकांत म्हण आहे, पण सोंग काळातले काही पट हा हिशेब मोडून हजारीला टेकले आहेत. ते आता चहाच्या रंगाचे झाले आहेत. शाई तेवढी काळी राहिली आणि मागचे रेशीम अंधारत गेले, त्यामुळे भर दुपारचा देखावाही आज दिवेलागणीचा वाटतो.

आडव्या गुंडाळ्यांची रीत निराळी. आमच्याकडे आजोबांची जन्मपत्रिका अशा गुंडाळीत होती. ती सगळी कधी कोणी एकदम उघडली नाही, लागेल तेवढीच उलगडायची आणि मागचे गुंडाळत जायचे. चिनी आडवा पटही उजवीकडून डावीकडे असाच हातभर उलगडत वाचतात. झांग झेदुआन याचा सोंग राजधानी काइफेंगच्या नदीकाठाचा पट बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्याची उंची अवघी २४.८ सेंटिमीटर म्हणजे वीतभराहून थोडी जास्त, आणि लांबी ५.२८ मीटर. ११८६ साली या पटाच्या शेवटी एका वाचकाने टीप लिहिली, म्हणून चित्रकाराचे नाव तरी आपल्याला कळते. तो जिएहुआत निष्णात होता आणि होड्या, गाड्या, बाजार, पूल यांचा त्याला विशेष नाद होता, असे ती टीप सांगते. मी हा पट प्रतिकृतीत आणि संगणकाच्या पडद्यावरच पाहिला आहे, पण पडद्यावर तो वाटेल तेवढा मोठा करता येतो आणि माझ्यासारखीला तेवढे पुरते. पटाच्या मध्यावर लाकडी कमानीचा पूल आहे, मध्ये एकही खांब नसलेला. त्याच्याखाली एक मोठी होडी येते आहे आणि तिची डोलकाठी खाली घेतली जात असताना प्रवाहाने होडीला तिरके केले आहे. होडीवरचे लोक बांबू रेटत आहेत, पुलावरचे कठड्यावरून ओणवे होऊन ओरडत आहेत, कोणी दोर टाकतो आहे. यातला पूल माझ्या नजरेला पट्टीने काढलेला वाटत नाही. रेघा हाताच्या आहेत, पण तुळया कुठे कुठल्या तुळईवर टेकल्या आहेत हे इतके नेमके आहे की त्यावरून सुताराला पूल उभारता यावा. बांध असा अंगात मुरला की पट्टी बाजूला ठेवता येते, असे मला ते पाहून वाटले.

त्या काळच्या चांगल्या चित्रकाराला इमारत खरोखरच कळत असे. ११०३ साली सोंग दरबाराने ली जिए याचा बांधकामावरचा ग्रंथ छापून काढला. त्यात लाकडाच्या आकाराच्या आठ प्रती, म्हणजे पायऱ्या, ठरवल्या आहेत आणि इमारतीच्या प्रत्येक भागाचे माप निवडलेल्या प्रतीच्या पटीत वा अंशात दिले आहे. छपराचा भार खांबावर उतरवणारे जे हातावर हात रचल्यासारखे लाकडी जोड असतात, त्यांचेही माप त्यातूनच निघते. आमच्या वाड्यांत तुळईखाली जो ‘हस्त’ असतो त्याचेच हे विस्तारलेले कुळ म्हणायला हरकत नाही. आणि दोन खांबांमधल्या अंतराला ते ‘जियान’ म्हणतात आणि घर किती जियानांचे यावरून त्याची मोठाई सांगतात. एका जुन्या वाड्याचे मोजमाप घ्यायला आम्हाला पाठवले होते तेव्हा तिथल्या आजींनी टेपकडे न पाहता ‘पाच खणांचे माजघर आहे, लिहा’ म्हणून सांगितले होते. तो खण आणि हा जियान एकच. अकराव्या शतकातल्या एका चिनी समीक्षकाने बजावले आहे की ज्याला तुळया, खांब, जोड यांची नावे ठाऊक नाहीत त्याने महाल काढायला बसू नये. मोजणीत उणे पडू नये, आणि एक रेघ तिरपी निघाली की तिच्यामागून शंभर तिरप्या निघाल्या पाहिजेत.

शंभर रेघा एकाच कोनात तिरप्या, ही त्यातली किल्ली. या चित्रांतल्या इमारती युरोपी चित्रांसारख्या दूर जाताना एका बिंदूकडे निमुळत्या होत नाहीत. ओट्याची पुढची कड आणि मागची कड समांतर धावतात, जसे आमच्या आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे समांतर रेघांच्या नकाशात, होते. ग्राहकाला दाखवायला ‘पर्स्पेक्टिव्ह’, म्हणजे डोळ्याला दिसते तसे निमुळते चित्र, लागे, ते काढायला बाहेरचा कलावंत येई. पण गवंड्याला समजावताना आम्ही आयसोमेट्रिकच काढत असू, कारण त्यात दूरची खोली जवळच्या खोलीएवढीच राहते आणि मापे खोटी होत नाहीत. यावरही चिनी लोकांत भांडण झालेले आहे. ली चेंग या दहाव्या शतकातल्या चित्रकाराने डोंगरावरचे मनोरे काढताना छपराचे वळचणीचे वासे खालून दिसतात तसे काढले, कारण पायथ्याशी उभा असलेला माणूस वर पाहील तर त्याला तेच दिसेल. अकराव्या शतकातला शेन कुओ, जो खगोलापासून होकायंत्रापर्यंत सगळ्यावर लिहून गेला, त्याने यावर टीका केली. बागेत रचलेल्या खोट्या डोंगराकडे माणूस जसा वरून पाहतो तसेच मोठ्या डोंगराकडे चित्रात पाहावे, असे त्याचे म्हणणे. खालून पाहाल तर डोंगराची एकच रांग दिसेल, मागच्या रांगा आणि दरीतले काही दिसणार नाही. आणि घराच्या बाबतीत तर आतले अंगण आणि मागच्या गल्लीत काय चालले आहे तेही कळणार नाही. नुसती छपराची कोपरे उचलून दाखवण्यात काय आहे, असा शेवटी टोमणा.

शेन कुओचे म्हणणे मला आयसोमेट्रिक काढणारी म्हणून पटते, कारण अंगण न दाखवणारा नकाशा कसला? तरी ली चेंगवर तो जरा जास्तच कडक झाला, असेही वाटते. मनोऱ्याखाली मान वर करून उभे राहण्यात जो धाक आहे तो वरून पाहताना उरत नाही. डोंगराचा धाक कसा ठेवावा हे फान कुआनला ठाऊक होते. त्याचा, इसवी सन १०००च्या सुमाराचा, दोन मीटरांहून उंच पट तैपेईच्या संग्रहालयात आहे. सुमारे दोन तृतीयांश उंची एका सरळ उभ्या कड्याने व्यापली आहे, कड्याच्या चिरेतून दोऱ्यासारखा धबधबा उतरतो, आणि तळाशी खेचरांचा लहानसा तांडा झाडीतून चालला आहे. उजवीकडच्या टेकाडावर झाडांच्या शेंड्यांतून देवळाची छपरे डोकावतात. ती बोटाने झाकून पाहिली तर कडा एकदम लहान होतो, मोठ्या दगडाएवढा; बोट काढले की पुन्हा गगनाला भिडतो. दोन-चार इंचांच्या छपराने त्या डोंगराला माप दिले आहे.

या पटावर फान कुआनची सही आहे हे साडेनऊशे वर्षे कोणाच्या ध्यानात नव्हते. १९५८ साली संग्रहालयाचे संशोधक ली लिनत्सान यांना ती तांड्यामागच्या झाडाच्या पानांत, पानांसारखीच बारीक लिहिलेली सापडली. हे वाचले तेव्हा मला आमच्या नकाशांच्या उजव्या कोपऱ्यातला चौकट आठवला. त्यात वर कचेरीचे नाव ठसठशीत, मग आर्किटेक्टची सही, आणि सर्वांत खाली ‘ड्रॉन बाय’ असे लिहून पुढे एवढीशी जागा, जिच्यात दोन अक्षरे बसायची. माझी दोन अक्षरे अशी काही शे नकाशांवर असतील. त्यातले बरेच नकाशे आता वाळवीने खाल्ले असतील, आणि जे उरले ते शोधायला ली लिनत्सान काही येणार नाहीत.

पुन्हा त्या बारा पटांकडे येते. ‘नऊ पूर्णत्वांचा राजवाडा’ खरोखर होऊन गेलेला होता. आजच्या शाआन्शी प्रांतातल्या डोंगरांत सुई घराण्याच्या पहिल्या सम्राटाने ५९३ साली तो उन्हाळ्यासाठी बांधायला घेतला, ६३१ साली तांग सम्राट ताइझोंगने त्याची डागडुजी करून हे नाव दिले. पुढच्या वर्षी सम्राटाला तिथे गोड्या पाण्याचा झरा सापडला आणि त्या निमित्ताने एक शिळालेख उभारला गेला, ज्याचे अक्षर ओउयांग शून याचे आहे. चीनमध्ये सुलेखन शिकणारी मुले आजही तो लेख गिरवतात. त्यात राजवाड्याचे वर्णन आहे: डोंगरमाथ्यावर महाल चढवले, दरी अडवून तळे केले, पाण्यावरून खांब उभे केले, कडे फोडून त्यांत दाराचे मनोरे उभारले. पुढे राजवाडा उजाड झाला. युआन जियांगने कुंचला उचलला तेव्हा तो बांधल्याला हजारांहून अधिक वर्षे होऊन गेली होती आणि एक वीटही पाहायला उरलेली नव्हती. उरला होता तो लेख. यांगझोउच्या श्रीमंत मंडळींना अशी भव्य, गेलेल्या वैभवाची चित्रे दिवाणखान्यात हवी असत, आणि हा माणूस ती पट्टी लावून काढून देत असे.

महाल-मनोरे या ठरीव वस्तू, असे गु कायझी म्हणाला होता. इथे वस्तूच नव्हती. कधी न पाहिलेल्या ओट्याचा कठडा या माणसाने एकेक पट्टी मोजून, एकाच तिरप्यात, कोपऱ्यात ठिपका साचू न देता काढला, आणि सगळे पुरे झाल्यावर त्याच्यावर डोंगरातले मोकळे धुके सोडले. दुसऱ्या खेपेला मी ते पाहत उभी असताना माझ्या ध्यानात आले की मीही सव्वीस वर्षे हेच केले. मी काढलेली एकही इमारत मी काढली तेव्हा जगात नव्हती. फरक एवढा की त्याच्या इमारती होऊन गेलेल्या होत्या आणि माझ्या व्हायच्या होत्या, आणि त्यांतल्या सगळ्या झाल्या नाहीत.

पुण्याला परतल्यावर माळ्यावरचा पत्र्याचा नळकांडा खाली काढला. नव्वद साली आम्ही एका टेकडीच्या उतारावरच्या घराचे नकाशे केले होते. भावाभावांत वाटणीवरून बिनसले आणि ते घर कधी उभे राहिले नाही. कचेरी बंद झाली तेव्हा टाकून द्यायच्या ढिगातून त्याची एक ट्रेसिंग मी उचलून आणली होती. ती जमिनीवर पसरली तर इतक्या वर्षांच्या सवयीने दोन्हीकडून पुन्हा गुंडाळायला लागली, म्हणून दोन कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, तिसऱ्यावर तांब्या, आणि चौथा गुडघ्याखाली धरला. कागद पिवळा पडून ठिसूळ झाला आहे. घराच्या मागे दरीकडे तोंड करून एक लांब सज्जा होता आणि त्याला उभ्या गजांचा कठडा. मी चष्मा लावून गज मोजले, बेचाळीस भरले. एकोणिसाव्या गजापाशी, खालच्या आडव्या पट्टीला तो जिथे भेटतो तिथे, ब्लेडने खरवडल्याची खूण अजून आहे, आणि तिच्यावर बोट फिरवले की कागद तेवढाच जरा मऊ लागतो.